लस घेण्याची अट : मालकाची, कायद्याची की कामाची?

नोकरीच्या ठिकाणी लस घेण्याची सक्ती करता येते का, या विषयावर गेल्या काही आठवड्यांत चार पत्रे आली. दोन सांगली जिल्ह्यातली आहेत, दोन सातारा जिल्ह्यातली. विषय एकच असला तरी चौघांची अडचण निरनिराळी आहे, म्हणून चारही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि विनंतीवरून नावे वगळली आहेत. उत्तरे देणारा व्यवसायाने डॉक्टर आहे, वकील नाही. कारखान्यांचा वैद्यकीय अधिकारी म्हणून बरीच वर्षे काम केल्याने या प्रश्नाच्या कायदेशीर बाजूशी त्याचा संबंध येत राहिला, एवढेच. कोणावर कारवाईचे पत्र काढायचे असेल, तर ते आधी कामगार कायदा पाहणाऱ्या वकिलाला दाखवावे.

प्रश्न : मिरजेत आमचे २५ खाटांचे रुग्णालय आहे आणि त्याचे व्यवस्थापन मी पाहते. कचरा वेगळा करताना आमच्याकडच्या एका मावशींच्या हातात वापरलेली सुई घुसली. ज्या रुग्णाची ती सुई असावी, त्याला पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, असल्याची नोंद होती. मावशी ठेकेदारामार्फत आलेल्या. त्यांना लस दिलेली नव्हती. त्या सुदैवाने बचावल्या, पण या प्रसंगाने आम्ही हादरलो. मी आदेश काढला की पंधरा दिवसांत प्रत्येकाने हिपॅटायटिस बीची लस सुरू करावी, अन्यथा कामावर येऊ नये. ३१ पैकी २९ जण तयार झाले. एक परिचारिका आणि शस्त्रक्रियागृहातला एक मदतनीस नकार देत आहेत. परिचारिकेचे म्हणणे असे की, लसीची सक्ती करता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. मदतनीस अकरा वर्षे आमच्याकडे आहे. तो कारणच सांगत नाही. या दोघांना कामावरून कमी करता येईल का?

उत्तर : आपली तळमळ खरी आहे, परंतु आपण प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारला आहे. कर्मचाऱ्याने लस घेतलीच पाहिजे की नाही, हा पुढचा मुद्दा आहे. त्याला लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, हे आधीच ठरलेले आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार, जिथे असा कचरा निर्माण होतो त्या जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे, त्याने आपले सर्व आरोग्य कर्मचारी आणि कचरा हाताळणारे इतर लोक यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांसह अशा कचऱ्यातून होऊ शकणाऱ्या रोगांविरुद्ध लस द्यायची आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणीही करायची आहे. ‘इतर लोक’ या दोन शब्दांत आपल्या मावशी येतात. त्यांचा पगार ठेकेदार देतो, ही सबब तिथे चालत नाही. थोडक्यात, आपण काढलेला आदेश ज्या दिवशी मावशींच्या हातात पहिल्यांदा कचऱ्याची पिशवी दिली गेली, त्या दिवशीच आपल्यावर लागू होता.

धोका किती, तेही पाहू. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस तग धरतो. बाधित रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार शंभरातल्या साधारण ६ ते ३० वेळा संसर्ग होतो. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात सुमारे ३ आहे. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि काविळीला ‘उतारा घेऊ’ म्हणतात, हे आमच्या भागातले जुने दुखणे आहे. या रोगाविरुद्ध बरीच वर्षे वापरात असलेली, सुरक्षित लस उपलब्ध आहे : पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. निरोगी तरुण माणसांपैकी दहांतल्या नवांहून अधिक जणांना तिच्यापासून संरक्षण मिळते. वय चाळिशीपुढे गेले की हे प्रमाण काहीसे घटते. बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस देशभर २०११ च्या सुमारास आली, त्यामुळे आज पंचविशी-तिशी ओलांडलेल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ती लहानपणी मिळालेली नसणार, असे धरूनच चालावे.

आता परिचारिकेच्या म्हणण्याकडे वळू. त्या निम्म्या बरोबर आहेत. २ मे २०२२ रोजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या करोना लसीविषयीच्या याचिकेवर निकाल दिला. आपल्या शरीरावरचा अधिकार घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात येतो आणि कोणालाही लस टोचून घेण्यास भाग पाडता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण निकाल तिथे थांबत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी शासन व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते. मात्र त्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, तिची खरी गरज हवी आणि ती गरजेच्या प्रमाणात हवी, या तीन कसोट्या न्यायालयाने लावल्या. करोनाच्या लसीबाबतचे निर्बंध तिसऱ्या कसोटीवर अडकले. लस न घेतलेल्या माणसापासून इतरांना होणारा धोका लस घेतलेल्यापेक्षा जास्त आहे, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नव्हती. म्हणून, रुग्णसंख्या कमी आहे तोवर लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध मागे घ्यावेत, असे न्यायालयाने सुचवले, आणि खासगी आस्थापनांनीही आपापल्या आदेशांचा फेरविचार करावा असे म्हटले. हे सारे करोनाच्या लसीपुरते आणि त्या वेळच्या परिस्थितीपुरते होते. त्यातून ‘कोणत्याही लसीची अट कोणत्याही कामाला घालता येत नाही’ असा अर्थ काढणे बरोबर नाही.

एक अडचण मात्र उरते, आणि ती परिचारिकेने मांडली नसली तरी मीच मांडतो. हिपॅटायटिस बीची लस मुख्यतः घेणाऱ्याचेच रक्षण करते. रुग्णाला आपल्या परिचारिकेपासून फारसा धोका नाही. परिचारिकेला रुग्णाच्या सुईपासून आहे. मग स्वतःचे रक्षण नको म्हणणाऱ्या प्रौढ, शिकलेल्या बाईवर आपण सक्ती कोणत्या तोंडाने करायची? ‘बांधकामावर हेल्मेटची सक्ती असते, तशीच ही’ असे उत्तर नेहमी दिले जाते. ते मला पुरते पटत नाही. हेल्मेट संध्याकाळी खुंटीला अडकवून घरी जाता येते, लस तशी उतरवून ठेवता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकांवर तिथल्या सरकारने घातलेला करोना लसीचा नियम स्थगित केला, तेव्हा नेमका हाच मुद्दा नोंदवला होता. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठीचा नियम मात्र चालू ठेवला. लस तीच होती, कामे वेगळी होती.

माझे मत याच फरकावर उभे आहे. अट माणसाला घालू नये, कामाला घालावी. सुया, रक्त आणि शस्त्रक्रियेची अवजारे जिथे हाताळली जातात, त्या कामावर लस घेतलेला माणूसच नेमायचा, असे रुग्णालय ठरवू शकते, आणि ते गरजेच्या प्रमाणातही आहे. नव्या नेमणुकांत ही अट नेमणूकपत्रातच लिहा. जे आधीपासून आहेत त्यांना लस आपल्या खर्चाने, कामाच्या वेळेत द्या. नकार असेल तर आधी डॉक्टरांनी समोर बसवून धोका समजावून सांगावा, मग नकार लेखी घ्यावा, आणि त्या व्यक्तीला नोंदणी, औषध भांडार किंवा बाह्यरुग्ण विभाग अशा जागी पगारात कपात न करता हलवावे. २५ खाटांच्या रुग्णालयात अशी जागा शोधणे कठीण असते हे मला माहीत आहे, पण दोन माणसांसाठी ते अशक्य नाही. ‘लस घ्या नाहीतर येऊ नका’ हा आदेश मात्र मागे घ्या. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२१ पासून वृद्धाश्रमांतील कर्मचाऱ्यांना करोनाची लस सक्तीची केली होती. तो नियम मार्च २०२२ मध्ये सरकारलाच रद्द करावा लागला. नियम चार महिन्यांत परत घेता येतो, गेलेली अनुभवी माणसे तशी परत येत नाहीत.

राहिला मदतनीस. अकरा वर्षे काम केलेला माणूस कारण न सांगता नकार देतो, तेव्हा मला त्याच्या हट्टापेक्षा भीतीची शंका अधिक येते. लसीआधी रक्त तपासतील, त्यात काही निघेल आणि नोकरी जाईल, ही भीती मी अनेकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. त्याला एकट्याला बोलावून दोन गोष्टी सांगा. लसीआधी रक्त तपासलेच पाहिजे असे नाही. आधीच संसर्ग असलेल्याला ही लस दिली तर अपाय होत नाही, उपयोग होत नाही एवढेच. आणि तपासणी केलीच व काही निघाले, तरी अहवाल डॉक्टरांपुरता राहील, नोकरी जाणार नाही, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या काविळीच्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी केंद्रात तपासणी व औषधे मोफत मिळतील. हे वचन आपण पाळणार असाल तरच द्या.

जाता जाता एक विचारतो, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. वापरलेली सुई मावशींच्या पिशवीत पोहोचलीच कशी? सुया आणि पाती यांच्यासाठी न भोसकला जाणारा पांढरा अर्धपारदर्शक डबा नियमाने ठरवून दिलेला आहे, आणि वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण बसवायचे नसते. लस ही मागची भिंत आहे, दार तर त्या डब्याशी आहे. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रत्येकाची प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. पातळी १० एमआययू प्रति मिलिलिटरच्या वर असल्यास त्या व्यक्तीला संरक्षण मिळाले असे समजतात. लस घेऊनही संरक्षण न मिळालेले काही जण निघतात, आणि सुई टोचल्यावर २४ तासांच्या आत कोणाला महागडे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, द्यायचे, हे त्या नोंदीवरूनच ठरते.

प्रश्न : मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका यंत्रभागांच्या कारखान्यात नोकरी करतो. या वर्षी व्यवस्थापनाने फ्लूची लस सर्वांना बंधनकारक केली आहे आणि करोना लसीचे प्रमाणपत्रही पुन्हा मागितले आहे. न दिल्यास हजेरी भत्ता बंद, असे फलकावर लावले आहे. मला लसीविषयी आक्षेप नाही, पण अशी जबरदस्ती योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. लेथवर काम करणाऱ्याला फ्लू होण्याचा धोका एसटीतल्या शेजारच्या प्रवाशापेक्षा वेगळा नसतो. तो कामाने निर्माण केलेला धोका नव्हे. फ्लूची लस दर वर्षी बदलते, चांगल्या वर्षीही ती निम्म्याच्या आसपासच संरक्षण देते, आणि सर्वसाधारण कारखान्यातल्या कामगाराने ती घेतलीच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. व्यवस्थापनाचा हेतू पावसाळ्यात गैरहजेरी कमी व्हावी हा असणार. तो वाईट नाही. त्यासाठी मोफत शिबिर भरवावे, लस घेतल्यावर ताप आला तर एक दिवसाची भरपगारी रजा द्यावी. माझा अनुभव असा की, ही रजा जाहीर झाली की निम्मा विरोध आपोआप मावळतो. रोजंदारीवरच्या माणसाला सुईची भीती नसते, बुडणाऱ्या दिवसाची असते.

करोनाच्या प्रमाणपत्राला आज आधार उरलेला नाही. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने राज्य शासनाने दुकाने व आस्थापनांत पूर्ण लसीकरण झालेले लोक असावेत असे बंधन घातले होते, तेव्हा आपल्या व्यवस्थापनाला त्याकडे बोट दाखवता आले असते. ते निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याला उठले. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते की, संमतीविना लसीकरण आमच्या मार्गदर्शक सूचनांत बसत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्या काळात एवढी कडक भाषा का वापरली गेली, हे मी समजू शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातले २५ जिल्हे बहुतांशी खुले झाले तेव्हा सातारा, सांगली आणि कोल्हापूर मागेच राहिले होते, आणि कारखाने बंद पडण्याची धास्ती सर्वांनाच होती. ती धास्ती संपली, फलकावरची भाषा तेवढी उरली.

भत्त्याविषयी असे की, वेतनातून कोणत्या कारणांसाठी कपात करता येते ती कारणे कायद्यात मोजून दिलेली आहेत, आणि लस न घेणे हे त्यांपैकी नाही. हजेरी भत्ता हजेरीवर मिळतो. आपण हजर असाल, तर दंडाच्या कपातीला दुसरे नाव दिल्याने ती वेगळी होत नाही. एकट्याने भांडण्यापेक्षा युनियनमार्फत किंवा सुरक्षा समितीत हा विषय लेखी मांडा. आणि आपल्याला दमा किंवा मधुमेह असेल, तर फलकावरच्या रागापोटी फ्लूची लस टाळू नका.

प्रश्न : कराडजवळ महामार्गावर माझे हॉटेल आहे. आचारी आणि वाढपी दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. टायफॉईडची लस दिल्याचे रेकॉर्ड तपासणीत मागतात. हे खरोखर आवश्यक आहे की नुसती कागदपत्रे?

उत्तर : आवश्यक आहे. अन्न व्यवसायांच्या परवान्याविषयीच्या २०११ च्या विनियमांत, अनुसूची ४ मध्ये, अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉईडसारख्या आतड्याच्या ज्वरांविरुद्ध लस, आणि दोन्हींची नोंद ठेवणे, हे मालकाचे काम म्हणून लिहिले आहे. इथे मी आपल्या बाजूचा नाही आणि आचाऱ्याच्याही नाही, कारण पहिल्या पत्रातला हिशेब इथे उलटा होतो : धोका आचाऱ्याला नाही, त्याच्या हातचे खाणाऱ्या अनोळखी प्रवाशाला आहे, आणि त्या प्रवाशाला कोणी संमती विचारलेली नाही. लस नको असेल तर त्याने भटारखान्याबाहेरचे काम करावे.

मात्र लस दिली म्हणजे झाले, असे समजू नका. टायफॉईडमधून बरा झालेला माणूस कधी कधी वर्षानुवर्षे जंतू शरीरात बाळगतो आणि स्वतः ठणठणीत असतो. अशा वाहकाला लस दिल्याने त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडणे थांबत नाही. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण १९०७ मध्ये अशी सापडली. आयुष्यातली एकूण सुमारे २६ वर्षे तिला सक्तीने एकांतात ठेवले गेले. आपल्या आचाऱ्यासाठी शौचालयापाशी साबण आणि वाहते पाणी आहे का, हे आधी पाहा. माणसे वारंवार बदलत असतील, तर टायफॉईडची एकच डोस लागणारी संयुग्मित (कॉन्ज्युगेट) लस आता आपल्याकडे तयार होते. कामावर घेतानाच ती द्यावी आणि जाताना प्रमाणपत्राची प्रत त्याच्याच हाती द्यावी, म्हणजे पुढच्या मालकाचा खर्च वाचेल आणि त्या पोराला विनाकारण दुसरी सुई बसणार नाही.

प्रश्न : माझे पती सांगली जिल्ह्यातल्या एका पालिकेच्या ठेक्यावर मोकाट कुत्री पकडण्याच्या गाडीवर काम करतात. लस सक्तीची असावी की नसावी यावर सगळे बोलतात. यांना तर कोणी सक्तीही करत नाही आणि लस देतही नाही. दोनदा कुत्रे चावले. दोन्ही वेळा स्वतःच सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शने घेतली. ठेकेदार म्हणतो, ‘चावल्यावर मिळतेच की.’ आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, या महिन्याच्या चार पत्रांत सर्वांत आधी उत्तर मिळायला हवे होते ते आपले पत्र आहे. रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस वाचत नाही. म्हणून प्राणी पकडणारे, पशुवैद्यक आणि प्रयोगशाळेतले लोक यांना चावण्याच्या आधीच लस द्यावी, असे आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. हे डोस सुरुवातीच्या दिवशी, सातव्या दिवशी आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी असे तीन असतात. ‘चावल्यावर मिळतेच’ हे म्हणणे अर्धवट आहे, कारण रोज दहा कुत्री हाताळणाऱ्याला छोटासा ओरखडा किंवा जखमेवर लागलेली लाळ लक्षातही येत नाही.

आपल्या पतींनी चावल्यानंतरचा पूर्ण कोर्स घेतला असेल, तर तो वाया गेलेला नाही. त्यांना आधी लस मिळालेली आहे असेच धरतात. त्या इंजेक्शनांची कार्डे शोधून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. पुढे चावले तर जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि ती कार्डे घेऊन दवाखान्यात जावे. अशा माणसाला त्याच दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी असे दोनच डोस पुरतात. जखमेत द्यायचे सीरम लागत नाही. कोर्स अर्धवट राहिला असेल तर मात्र डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

ठेकेदाराला आणि पालिकेच्या आरोग्य विभागाला एकच अर्ज द्या. त्यात दोन्ही चाव्यांच्या तारखा लिहा, गाडीवरच्या सर्व माणसांना आधीची लस व जाड हातमोजे मिळावेत अशी मागणी करा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. प्राणी हाताळण्याच्या कामातून होणारे संसर्गजन्य रोग कामगार भरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या अनुसूचीत आहेत. अर्जात हे एक वाक्य घातले की ठेकेदार तो अर्ज घडी घालून खिशात ठेवणार नाही. अर्जावर गाडीवरच्या बाकीच्या माणसांच्याही सह्या घ्या.